किती माणसे कामाला? नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील रोजगारदात्यांची पाहणी

रोजगार देणाऱ्यांची पाहणी म्हणजे एखाद्या भागातील दुकाने, कारखाने, गिरण्या आणि संस्था यांच्या दारापर्यंत जाऊन तेथे किती माणसे कामाला आहेत, धंदा कसा चालला आहे आणि तो पुढेही तेथेच चालणार आहे का, हे विचारणे. यातला पहिला प्रश्न भारतात बरीच वर्षे विचारला जातो. दुसरा अधूनमधून विचारला जातो. तिसरा जवळजवळ कोणी विचारत नाही. नव्या उद्योगाला जागा मिळते, अनुदान मिळते, उद्‌घाटनाला मंत्री येतात. वर्षानुवर्षे त्याच जागी चार माणसांचा पगार काढणाऱ्या दालमिलवाल्याकडे मात्र वीजबिल आणि नोटीस यांखेरीज सरकारचे सहसा काही येत नाही. तालुक्यातला रोजगार टिकवायचा तर या दुसऱ्या माणसाकडे जावे लागते. ते जाणे कसे असते, कोठे अडते आणि हाती काय लागते, हे नांदगाव खंडेश्वरसारख्या कोरडवाहू तालुक्यात स्पष्ट दिसते.

नांदगाव खंडेश्वर हे अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे गाव अमरावतीहून बडनेऱ्यावरून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. खंडेश्वराचे जुने दगडी मंदिर ही त्याची ओळख. गावाला रेल्वे नाही. गाडी धरायची तर बडनेरा किंवा चांदूर रेल्वे गाठावे लागते. डॉ. पंजाबराव देशमुखांचे जन्मगाव पापळ याच तालुक्यात आहे. जमीन काळी, पाऊस बेभरवशाचा आणि पिके म्हणजे कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा. एक खुलासा आधीच केलेला बरा. उद्योगाच्या बातम्यांत वारंवार येणारे नांदगाव ते हे नव्हे. ते नांदगाव पेठ, अमरावतीहून नागपूरकडे जाताना लागणारे. औद्योगिक वसाहत, कापडाचे मोठे कारखाने आणि सप्टेंबर २०२४ मध्ये भूमिपूजन झालेला पीएम मित्रा पार्क तिकडचे. मुंबईत बसून आकडे वाचणाऱ्याची दोन नांदगावांत गफलत होऊ शकते. तालुक्यातल्या मालकाची होत नाही, कारण त्याचा वेल्डर त्याला सोडून गेला तर बहुधा त्या दुसऱ्या नांदगावलाच गेलेला असतो.

पाहणीची पहिली अडचण म्हणजे रोजगार देणारा कोणाला म्हणायचे ही. तालुक्यात सर्वांत जास्त माणसांना काम देणारा कास्तकार आहे. निंदण, फवारणी, कापूस वेचणी, सोयाबीनची सोंगणी यांना लागणारे हात कोणत्याही कारखान्याला लागत नाहीत. वर्षाच्या बोलीवर राहणारा सालदार हा तर पगारी नोकरच. पण देशाच्या आर्थिक गणनेत पीक उत्पादन धरलेच जात नाही. शेतीची मोजदाद कृषी गणनेत होते आणि तिचा भर जमिनीच्या धारणेवर असतो. दूध आणि कुक्कुटपालन मात्र आर्थिक गणनेत येतात. परिणामी एकाच वाड्यातला गोठा मोजला जातो आणि मागचे वावर सुटते. हिशेबाच्या सोयीसाठी केलेली ही विभागणी समजण्यासारखी आहे, पण तालुक्याच्या धंद्याचा विचार करताना ती आंधळी ठरते. कृषी केंद्र, ट्रॅक्टर दुरुस्ती, जिनिंग, दालमिल, अगदी लग्नाचे बिछायत केंद्रसुद्धा वावरातल्या पिकावरच उभे असते. सोयाबीन शेंगा भरताना पाण्याने गेले की दिवाळीनंतर बिछायतवाल्याच्या पोरांना काम नसते.

शेती वजा केल्यावर जे उरते ते असे. बाजार समितीच्या आवारात अडते, त्यांच्याकडचे हमाल आणि मापारी. कापसाच्या हंगामात जिनिंग-प्रेसिंग. दालमिल, तेलघाणा, पिठाची चक्की, मिरची-हळदीचे कांडप. ट्रॉली आणि दरवाजे-खिडक्या बनवणारी वेल्डिंगची दुकाने, गॅरेज, वीटभट्ट्या, गिट्टीखाणी. किराणा, कापड, औषधे, खते-बियाणे. खासगी दवाखाने, पतसंस्था, पेट्रोल पंप. आणि शाळा. नियमित पगाराचा विचार केला तर खासगी अनुदानित शाळा आणि महाविद्यालये ही अशा तालुक्यातली मोठी आस्थापने ठरतात. १९३२ साली पंजाबरावांनी काढलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था आज विदर्भभर पसरलेली आहे, तेव्हा पापळच्या तालुक्यात तरी शाळेला धंद्यांच्या यादीतून वगळू नये. मास्तरांचा पगार महिन्याला गावात येतो आणि किराण्याची उधारी त्यावर फिटते.

मोजण्याची साधने देशात कमी नाहीत. आर्थिक गणना १९७७ मध्ये सुरू झाली. १९८०, १९९०, १९९८, २००५ अशा फेऱ्या झाल्या आणि सहावी २०१३-१४ मध्ये पार पडली. सहाव्या गणनेत देशात सुमारे ५.८५ कोटी आस्थापना आणि त्यांत काम करणारी सुमारे १३.१ कोटी माणसे आढळली. महाराष्ट्रातल्या आस्थापना सुमारे ६१ लाख, म्हणजे उत्तर प्रदेशाखालोखाल. याच गणनेतला एक आकडा ग्रामीण पाहणीसाठी सर्वांत बोलका आहे: शंभरातल्या जवळजवळ बहात्तर आस्थापनांत पगारी माणूस एकही नव्हता. मालक आणि घरचे, बस्स. उरलेल्या अठ्ठावीसांत एक नोकर ठेवणारा पानठेला आणि दोनशेंचा कारखाना एकत्र आले. तेव्हा ज्याला रोजगारदाता म्हणता येईल असा माणूस तालुक्यात दर चार दुकानांमागे एखादाच भेटतो, हे पाहणीला निघण्यापूर्वीच गृहीत धरावे.

सहाव्या गणनेची रीत आठवणीत ठेवण्यासारखी होती. २०११ च्या जनगणनेसाठी पाडलेले गट तसेच वापरले गेले. प्रगणक घरोघर जाऊन ६अ नावाचा तक्ता भरत: मालकी कोणाची, काम बारमाही की हंगामी की प्रासंगिक, भांडवल कोठून आणले, पगारी माणसे किती, बिनपगारी किती, त्यांत बाया किती. आठ किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेसाठी ६क हा वेगळा तक्ता होता. त्यात नाव, पत्ता, नोंदणी, दूरध्वनी असा तपशील असे. हा ६क तक्ता म्हणजे तालुक्याच्या रोजगारदात्यांची आयती यादीच होती. तिचा तालुक्यात कोणी पाठपुरावा केला असता तर टिकवण्याच्या कामाला निम्मा पाया मिळाला असता. सातवी गणना २०१९ मध्ये सुरू झाली. या वेळी कागद गेला, मोबाइलवरचे अ‍ॅप आले आणि काम सामायिक सेवा केंद्रांच्या जाळ्याकडे दिले गेले. मध्येच करोना आला. त्या गणनेचे देशपातळीवरचे निकाल प्रसिद्ध झाले नाहीत. म्हणजे तालुक्याजवळ घरोघरी जाऊन घेतलेला शेवटचा आकडा टाळेबंदीपूर्वीचा, जीएसटीपूर्वीचा आणि नोटाबंदीपूर्वीचाही आहे.

बाकीच्या नोंदींना आपापली मर्यादा आहे. वार्षिक उद्योग पाहणी नोंदलेल्या कारखान्यांपुरती. तिची मूळ व्याख्या १९४८ च्या कारखाना अधिनियमातली, विजेवर चालत असेल तर दहा कामगार आणि विजेविना वीस. असंघटित आस्थापनांची वार्षिक पाहणी नमुन्यावर चालते. २०२३-२४ मध्ये तिने देशात ७.३४ कोटी आस्थापनांचा अंदाज दिला, पण तालुक्यासाठी तो नमुना पुरत नाही. रोजगार कार्यालयाकडे दर तिमाहीला जाणारे ईआर-१ विवरणपत्र १९५९ च्या कायद्याखाली आले. त्या कायद्यात खासगी क्षेत्राला ते पंचवीस किंवा अधिक माणसे असतील तरच लागू होते. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी फुकट, घरबसल्या आणि स्वयंघोषित. बँकेने कर्जासाठी मागितली म्हणून ती करणारे पुष्कळ. धंदा बंद झाल्यावर ती रद्द करायला जाणारा विरळा. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०१७ पासून लहान आस्थापनांनी नुसती सूचना दिली की भागते. जिल्हा सांख्यिकी कार्यालयाचे सामाजिक व आर्थिक समालोचन दरवर्षी निघते आणि ते चांगले असते, पण त्यात पोहोचतात ते याच नोंदींतले आकडे. या सगळ्या कागदांत उघडणारा दिसतो. बंद करणारा दिसत नाही.

प्रत्यक्ष फिरतीचे काम आजवर शिक्षक, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, सुशिक्षित बेरोजगार यांच्याकडे आले. त्यांचा अनुभव बहुतेक सारखाच असतो. दुकानात कागद घेऊन शिरलेला माणूस प्रथम जीएसटीवाला वाटतो, मग आयकरवाला, मग वीजवाला. तो गावचा मास्तर निघाला की मालकाचा चेहरा सैल होतो आणि चहा येतो. मग ठरलेला प्रश्न पडतो आणि ठरलेले उत्तर येते. "किती माणसे कामाला?" "कोठची माणसं सर, आमी घरचेच हावो." हे बोलणे चालू असताना मागे एक पोरगा पोती रचत असतो आणि दुसरा मोटारसायकलवर माल बांधत असतो.

हे उत्तर सरसकट खोटे धरणे बरोबर नाही. पोती रचणारा खरोखर भाचा असतो, तो महिन्याला हजार-दोन हजार घेतो, दुपारी घरी जेवतो आणि पेरणीच्या दिवसांत गायब होतो. तक्त्यात त्याला पगारी म्हणायचे की बिनपगारी, यावर दोन प्रगणक दोन उत्तरे देतील. मात्र काही आकड्यांजवळ मालक मुद्दाम थबकतो. दहा हा त्यातला पहिला. दहा माणसे झाली की कर्मचारी राज्य विमा योजना, उपदान असे विषय सुरू होतात. वीस झाली की भविष्य निर्वाह निधी आणि बोनस. त्यामुळे "आठ-नऊ असतील" आणि "सतरा-अठरा धरा" ही उत्तरे ऐकू आली की जाणता प्रगणक मान हलवून लिहून घेतो आणि वाद घालत नाही. त्याने आकडा ओढून काढण्याचा आग्रह धरला तर पुढचा, अधिक कामाचा प्रश्न विचारायला दार उघडे राहत नाही. २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्याने माहिती देणे बंधनकारक आहे आणि ती गुप्त ठेवणेही. पण गावात कायद्याचा पहिला भाग सांगितला की दुसऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

गुप्ततेचा प्रश्न तालुक्यात शहरापेक्षा अवघड आहे. अमरावती शहराच्या तक्त्यात "दालमिल" या ओळीखाली नाव झाकले जाते. एखाद्या मोठ्या खेड्याच्या तक्त्यात "जिनिंग : १, कामगार : ४०" असे छापले की नाव छापल्यासारखेच झाले. शिवाय प्रगणक आणि मालक एकमेकांचे शेजारी असतात, क्वचित सोयरेही. ओळखीमुळे दार उघडते आणि ओळखीमुळेच कर्जाचा विषय निघत नाही. म्हणून आर्थिक अडचणीचे प्रश्न विचारायला त्याच गावचा माणूस पाठवू नये. नांदगावचा लोणीला आणि लोणीचा पापळला पाठवावा. असे फेरवाटप साधे आहे, त्याला खर्चही लागत नाही, तरी ते फारसे होत नाही, कारण याद्या प्रत्येकाच्या सोयीच्या गावाप्रमाणे वाटल्या जातात.

वऱ्हाडातल्या पाहणीची खरी परीक्षा जिनिंगमध्ये होते. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि शिमग्यानंतर ओसरतो. पौषात गेले तर फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आत वजनकाटा, आवारात कापसाच्या गंज्या. डबल रोलर जिनांची रांग एका लांब शेडमध्ये; तिच्यासमोर रेजा, म्हणजे मजूर बाया, नाकावर पदर बांधून कवडी आणि काडीकचरा वेचत असतात. रुई एका बाजूने हॉलमध्ये जाते, सरकी दुसऱ्या बाजूने. प्रेसवर १७० किलोची गठाण बांधली जाते; एका गठाणीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो, कारण क्विंटलभर कापसातून रुई निघते ती चौतीस-पस्तीस किलो. हे सगळे उघड्या डोळ्यांना दिसते. माणसांचा आकडा मात्र दिसत नाही. मुनीम सांगतो पंधरा: फिटर, काटेवाला, चौकीदार, ऑफिसातले दोघे आणि असेच. प्रेसवरची माणसे ठेकेदाराची, त्यांचा हिशेब गठाणीवर. रेजांची हजेरी दुसऱ्याच वहीत. गंजी लावणारे हमाल आणखी कोणाचे. शेडमध्ये उभे राहून डोकी मोजली तर आकडा मुनिमाच्या आकड्याच्या तिपटीवर जातो आणि त्यातली बरीच डोकी बाहेरच्या जिल्ह्यांतली किंवा राज्यांतली निघतात. तोच प्रगणक ज्येष्ठात गेला तर त्याला एक चौकीदार, एक कुत्रे आणि ताडपत्रीखाली झाकलेली मशीन भेटते. दोन्ही भेटींचे उत्तर खरे आहे. तक्त्यात "हंगामी" या रकान्यात एक खूण करून हा फरक संपवला जातो.

या धंद्याला इतिहासही आहे, आणि टिकवण्याचा विचार करणाऱ्याने तो विसरू नये. १९७२ पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी होती. कापूस सरकारी यंत्रणेमार्फत घ्यायचा आणि जिनिंगवाल्याने तो मजुरीवर पिंजून-बांधून द्यायचा. त्या काळात सहकारी जिनिंग-प्रेसिंग संस्था गावोगाव निघाल्या. एकाधिकार सुटला, खासगी व्यापारी उतरले, २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेतून नव्या यंत्रांना मदत मिळाली आणि जुन्या संस्थांपैकी अनेक मागे पडल्या. त्यांची टिनाची शेडे आणि गंजलेले फाटक वऱ्हाडात आजही रस्त्यावरून दिसते. अचलपूरची फिनले मिल ही कापडगिरणी २०२० च्या टाळेबंदीत थांबली तेव्हा मोर्चे निघाले, विधिमंडळात प्रश्न झाले, वर्तमानपत्रांनी रकाने भरले. तालुक्यातली एखादी दालमिल किंवा सहकारी जिनिंग थांबते तेव्हा असे काही घडत नाही. एका हंगामात ती उघडत नाही, दुसऱ्या हंगामात मशीन विकली जाते आणि तिसऱ्या वर्षी जागेवर ले-आउट पडतो.

धंदा थांबण्यापूर्वी विचारायचे प्रश्न वेगळे असतात आणि ते परदेशात बऱ्याच ठिकाणी पद्धतशीर विचारले जातात. अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या विद्यापीठाने १९८६ पासून आपल्या विस्तार सेवेमार्फत हे काम कौंटीपातळीवर केले. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात ते कृषी खात्याच्या मदतीने चालते. रीत अशी की गावातलेच दोन प्रशिक्षित स्वयंसेवक मालकाकडे जातात, तास-दीड तास बसतात, प्रश्नावली भरतात. मालक येत्या काळात बंद करणार, हलणार किंवा विकणार असे दिसले तर त्या कागदावर धोक्याची खूण होते आणि अहवालाची वाट न पाहता एक छोटी समिती त्याच्याकडे जाते. आकडेवारी नंतर होते. आपल्याकडच्या गणनेत नेमके हेच नाही: मिळालेले उत्तर वर जाते, खाली काही येत नाही. ओहायोची प्रश्नावली उचलून नांदगावला लावण्यात मात्र अर्थ नाही, कारण तिथे मालक आणि नोकर यांच्यात जी स्वच्छ रेघ असते ती येथे नसते, आणि धंद्याचे पुस्तक व घरखर्चाची वही येथे बहुधा एकच असते.

येथे चालणारे प्रश्न साधे आणि आडवाटेने विचारावे लागतात. मागच्या हंगामात किती दिवस मशीन बंद राहिली आणि कशामुळे? माणूस मिळत नाही तो कोणत्या कामाला? जागा स्वतःची की भाड्याची, आणि करार लेखी आहे का? उधारी कोणत्या महिन्यात फिटते? पोरगा काय करतो? हा शेवटचा प्रश्न चहाच्या वेळी विचारायचा असतो, कागद मिटल्यावर.

पहिल्या प्रश्नाला वीज हे उत्तर जवळजवळ हमखास येते. दाब कमी मिळतो, रोहित्र जळाले तर दुरुस्तीला दिवस जातात, आणि मशीन बंद असलेल्या महिन्यांतही बिल येते. यातल्या शेवटच्या तक्रारीला उपाय असतो. वीज नियामक आयोगाच्या दर आदेशांत हंगामी ग्राहकाची तरतूद आहे आणि जिनिंग-प्रेसिंग तीत नावानिशी येते. त्यासाठी महावितरणकडे तसा विकल्प वेळेत द्यावा लागतो. लहान मालकाला हे कोणी सांगितलेले नसते. पाहणीला गेलेल्याच्या पिशवीत प्रश्नावलीबरोबर अशा दोन-चार तरतुदींचा कागद असला तर ती भेट मालकाच्या लक्षात राहते.

माणसांच्या प्रश्नावर मात्र कोणाच्या पिशवीत कागद नाही. वेल्डिंगच्या दुकानात हे जवळून दिसते. दुकान म्हणजे रस्त्याच्या कडेला टिनाचे छप्पर, एक वेल्डिंग मशीन, कटर, ड्रिल आणि बाहेर अर्धवट बनलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. मालक स्वतः कारागीर, वय पन्नाशीचे. त्याच्याकडे पोट्टे शिकायला येतात. पहिले काही महिने लोखंड घासतात, मग टाके मारायला शिकतात, आणि हात बसला की अमरावती, नांदगाव पेठ किंवा पुण्याकडे जातात. मालकाची तक्रार अशी की शिकवायचे त्याने आणि फायदा दुसऱ्याने घ्यायचा. पोराची बाजूही खोटी नाही: गावात काम आठ महिने असते, पगार हंगामावर असतो, आणि लग्नाच्या बाजारात "कंपनीत आहे" या शब्दांचे वजन "वेल्डिंगच्या दुकानात आहे" यापेक्षा जास्त भरते. आयटीआयची शिकाऊ उमेदवार योजना अशा दुकानापर्यंत क्वचित पोहोचते. येथे रोजगार टिकवणे म्हणजे दुकान टिकवणे, आणि दुकान टिकणे म्हणजे मालकाच्या मागे दुसरा कारागीर उभा राहणे. मालकाचा पोरगा स्पर्धा परीक्षेची तयारी करत असेल तर त्या दुकानाचे वय मालकाच्या गुडघ्यांइतकेच उरलेले असते.

बायांचे काम तक्त्यात सर्वांत जास्त सुटते. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर दिवसभर बसणारी बाई विचारल्यावर "मी काही करत नाही, दुकान यायचं आहे" असे सांगते. यायचे म्हणजे नवऱ्याचे. कांडप यंत्र घरातच असते, म्हणून ते धंदा नाही. बचत गटाच्या पापड-लोणच्याला आस्थापना म्हणायचे तर जागा कोणाची आणि मालक कोण, यावर तक्ता अडतो. उमेद अभियान आणि महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) यांच्याकडे गटांच्या याद्या आहेत, बँक खाती आहेत. धंद्यांच्या याद्यांशी त्या कधी जुळवल्या जात नाहीत. प्रगणक बाई असेल तर या रकान्यातला आकडा बदलतो, कारण ती मागच्या दाराने आत जाऊन विचारते.

रस्त्याचा विषय या तालुक्यात टाळता येत नाही. समृद्धी महामार्ग अमरावती जिल्ह्यात धामणगाव, चांदूर रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर या तीन तालुक्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. बांधकामाच्या काळात गिट्टी, मुरूम, डंपर, खानावळी यांना काम मिळाले. ठेकेदारांचे कॅम्प उठले आणि ते काम त्यांच्याबरोबर गेले. महामार्गावर चढ-उतार ठरलेल्या जागीच करता येत असल्याने त्याच्या कडेला ढाबा किंवा पंक्चरचे दुकान टाकता येत नाही. फायदा झाला तर तो शिवणी रसुलापूरसारख्या चढ-उताराच्या ठिकाणाजवळ. जुन्या रस्त्यावरच्या धंद्यांचे गिऱ्हाईक वाढले की घटले, हे विचारण्याची वेळ महामार्ग सुरू झाल्यानंतरचे पहिले वर्ष होती. ती गेली. आता विचारले तर आठवण येते, हिशेब येत नाही.

उत्तरे गोळा झाल्यावर ती द्यायची कोणाला, हा प्रश्न शेवटी येतो आणि तेथेच बहुतेक पाहण्या बसतात. उद्योग खात्याचा माणूस तालुक्याला नसतो. जिल्हा उद्योग केंद्रे १९७८ पासून आहेत, पण ती जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि त्यांचा बराचसा वेळ नव्या प्रस्तावांच्या छाननीत जातो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समिती असते. तिच्यापुढे औद्योगिक वसाहतींचे रस्ते, पाणी, भूखंड हे विषय येतात, नांदगावच्या दालमिलचे रोहित्र सहसा येत नाही. तालुक्यात गटविकास अधिकारी, नगरपंचायत, बाजार समिती, महावितरणचा उपविभाग, बँकेची शाखा आणि आयटीआय असे सगळे आहेत. धंदेवाला यातल्या प्रत्येकाकडे वेगवेगळा जातो. एका टेबलाशी ही मंडळी तीन महिन्यांतून एकदा बसली आणि समोर पाच-सात धोक्याच्या खुणा असलेले कागद असले, तर त्यातले निम्मे प्रश्न वर न जाता सुटतील असे आहेत. कर्जाचे आणि बाजारभावाचे प्रश्न तेथे सुटणार नाहीत, हेही मालकाला आधीच स्पष्ट सांगावे. खोटी आशा दाखवून आलेल्या प्रगणकाला पुढच्या वर्षी चहा मिळत नाही.

वेळेचे गणितही वरून ठरू नये. या तालुक्यात पाहणीच्या दोन फेऱ्या हव्यात: एक पौष-माघात, जिनिंग आणि तुरीचा बाजार भरात असताना, आणि एक ज्येष्ठात, पेरणीच्या तोंडावर, कृषी केंद्रांत गर्दी आणि बाकी सगळीकडे शांतता असताना. पोळा आणि दिवाळीच्या मधल्या दिवसांत जाऊ नये. तेव्हा मालकाच्या डोक्यात फक्त उधारी असते आणि उत्तरे तशीच काळी येतात. मार्चअखेर तर मुळीच नको.

आठवी आर्थिक गणना जनगणनेनंतर, २०२७ मध्ये घेण्याचा केंद्राचा इरादा जाहीर झाला आहे. तिच्यात धंदा टिकण्याचा प्रश्न येईल अशी चिन्हे नाहीत, आणि येण्याची गरजही नाही. एवढ्या मोठ्या देशाच्या तक्त्यात पोराचे काय चालले आहे हे विचारता येत नाही. ते तालुक्यानेच विचारायचे आहे. नगरपंचायतीची मालमत्ता कराची नोंदवही, ग्रामपंचायतींचा नमुना ८, बाजार समितीची परवानाधारकांची यादी आणि महावितरणचे औद्योगिक व व्यापारी जोडणीधारक, एवढे चार कागद जुळवले की नांदगाव खंडेश्वरच्या रोजगारदात्यांची पहिली यादी तयार होते. हे चारही कागद आजच उपलब्ध आहेत आणि त्यासाठी मुंबईच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.